वाटेचे ऋण

देवदर्शनाहून परतलेल्या भाविकास घरची मंडळी विचारतात, ‘दर्शन कसे झाले?’ मूर्तीचे तेज, आरतीचा गजर, गर्दी, प्रसाद या सर्वांचे वर्णन तो मन भरून करतो. वाट कशी होती, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. वाट वाईट असेल तरच तिची आठवण निघते. पाय घसरू न देणे, म्हाताऱ्या माणसास दम खायला जागा देणे आणि सर्वांना सुखरूप वर नेऊन सुखरूप खाली आणणे, एवढेच वाटेचे काम. ते तिने नीट केले की ती विसरली जाते.

धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण भागात, उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत मुरूम हे गाव आहे. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर ही क्षेत्रे येथून फार दूर नाहीत, त्यामुळे यात्रेकरूंची पावले या परिसरास नवी नाहीत. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काही असो, मराठी माणसाच्या कानी हे नाव पडले की त्यास रस्त्यावर घातला जाणारा मुरूम आठवल्याशिवाय राहत नाही. हा मुरूम तांबूस आणि भरड असतो, त्यास मोलही फारसे नसते. परंतु पाणी मारून त्याची दबाई केली की खडीच्या फटी तोच भरून काढतो, आणि मग त्यावरून पालख्या जातात, दिंड्या जातात, गाड्या जातात. रस्त्याचे उद्घाटन होते तेव्हा मुरमाचे नाव कोणी घेत नाही.

या साध्या गोष्टीच्या पोटी एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ज्या वाटेने हजारो, लाखो माणसे देवाकडे जातात, ती वाट त्यांच्याच पावलांनी झिजते. ती पुन्हा घडविण्याचे कर्तव्य कोणाचे? आणि ते काम कोणी विनामोबदला केले, तर त्यास सेवा म्हणावे, पूजा म्हणावे, की केवळ ऋण फेडणे म्हणावे?

शिखरावरची देवी आणि झिजणारी वाट

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बारी गावाजवळ ते उभे असून त्याची उंची १,६४६ मीटर आहे. माथ्यावर देवीचे छोटे मंदिर आहे. नवरात्रात तेथे भाविकांची रीघ लागते. अलीकडील काळात त्यांच्या जोडीस गिर्यारोहणाची हौस असणारी तरुण मंडळीही मोठ्या संख्येने येऊ लागली आहेत. पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी तर वाटेवर माणसांची रांग लागते. कड्याच्या भागात लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत, परंतु शिडी ते शिडी यांमधील वाट मातीची आणि दगडाची आहे. ती दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून जाते. हा सर्व परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. म्हणजे येथे वाटेची जखम ही अरण्याचीही जखम असते.

राजगड, हरिश्चंद्रगड, साल्हेर, लोहगड या गडांच्या वाटांचीही हीच कथा आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. त्यांत साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड हे डोंगरी किल्ले आहेत. हा मान सर्वांना अभिमानास्पद आहे. परंतु मान वाढला की पावलेही वाढतात, आणि पावले वाढली की वाटेवरचा भारही वाढतो.

डोंगरातली वाट झिजते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रथम अनेक पावलांनी वाटेवरचे गवत मरते. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली माती मोकळी होते आणि तुडविली जाऊन टणक बनते. टणक मातीत पाणी मुरत नाही. मग पावसाचे पाणी वाटेलाच आपला ओढा करून वेगाने खाली धावते आणि बारीक माती घेऊन जाते. मागे सुटे गोटे उरतात. गोट्यांवरून पाय घसरतो, म्हणून पुढचा माणूस शेजारच्या गवतावरून चालतो. तेथेही गवत मरते. अशा रीतीने एका वाटेच्या दोन, दोनांच्या चार होतात. नागमोडी वळण टाळून सरळ खाली उतरणाऱ्यांमुळे तर पाण्यास आयतीच घळ मिळते. या सर्वांत एकाही माणसाचा हेतू वाईट नसतो. प्रत्येकाने फक्त आपल्या पायापुरता विचार केलेला असतो.

रविवारी डोंगर चढणारे हात

पुणे, मुंबई, नाशिक आणि इतर अनेक गावांतील तरुण मंडळी गेली कित्येक वर्षे सुटीच्या दिवशी गडांवर श्रमदानास जातात. कोणी टाक्यांतील गाळ काढतात, कोणी कचरा पोत्यांत भरून खाली आणतात, कोणी ढासळलेल्या पायऱ्या मोकळ्या करतात. त्यांत कारखान्यात काम करणारे आहेत, कचेरीत बसणारे आहेत, महाविद्यालयात शिकणारे मुलगे-मुली आहेत. आठवडाभर ज्यांच्या हाती लेखणी किंवा यंत्राची कळ असते, त्यांच्या हाती त्या दिवशी पहार, टिकाव, फावडे आणि घमेले येते.

वाट दुरुस्त करण्याच्या कामात पहिला धडा पाण्याचा असतो. नवा माणूस आधी खड्डा बुजवावयास धावतो. जाणता माणूस मात्र पाणी कोठून येते ते पाहतो. वाटेवर तिरपे दगड रोवून, लहान चर काढून पाणी वेळीच बाजूस वळविले नाही, तर वर घातलेला मुरूम आणि माती पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाते. पायरीचा दगड बसवितानाही तो लांबट बाजूने उताराच्या आत घालावा लागतो, म्हणजे तो पायाखाली डुगडुगत नाही. आडवाटांवर काटेरी फांद्या व दगड टाकून त्या बंद कराव्या लागतात, म्हणजे तेथे पुन्हा गवत धरते. काम झाल्यावर ते उठून दिसू नये, हीच त्याची उत्तम कसोटी. दोन पावसाळे गेल्यानंतर नवा दगड जुन्या दगडासारखा दिसू लागला आणि वाट जागेवर राहिली, तर काम साधले म्हणावयाचे.

या कामास मर्यादाही आहेत. संरक्षित गडावर पुरातत्त्व विभागाच्या आणि अरण्यात वन विभागाच्या अनुमतीवाचून दगडही हलवू नये, असा कायदा आहे, आणि तो योग्य आहे. उत्साहाच्या भरात जुन्या घडीव पायरीवर सिमेंट ओतणे ही सेवा नव्हे. वाटेवर प्रेम असेल, तर तिचे वय आणि स्वभाव जाणून घेण्याचे कष्टही घ्यावे लागतात.

पैसा दिला म्हणजे ऋण फिटले काय?

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाकाऊ नाही. भाविक कर भरतो, दानपेटीत यथाशक्ती दान टाकतो, वाहनतळाचे शुल्क देतो. मग वाटेची काळजी शासनाने अथवा देवस्थानाने घ्यावी. सामान्य माणसाने कुदळ का हाती धरावी?

जुन्नरजवळच्या नाणेघाटाचे उदाहरण या ठिकाणी उपयोगी पडते. सातवाहनांच्या काळी, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कोकण आणि देश यांना जोडणारा हा घाटमार्ग वाहता होता. घाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आजही दिसतो. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरा सांगते. वाट वापरणाऱ्याने वाटेसाठी काही द्यावे, हा विचार या भूमीत इतका जुना आहे. तेव्हा पैसा देणे हे ऋण फेडण्याचे खरे साधन आहे, यात शंका नाही. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याचे वय झाले आहे, त्याचे दान हीच त्याची कुदळ होय.

परंतु वाटेचे ऋण दोन प्रकारचे आहे. एक, वाटेने जे दिले त्याचे. दुसरे, आपल्या पावलाने वाटेचे जे नुकसान झाले त्याचे. पहिले ऋण पैशाने फिटू शकते. दुसरे ऋण मात्र केवळ पैशाने फिटत नाही, कारण पैसा देऊन झाल्यावरही माणूस वळण टाळून गवतावरून उतरू शकतो, पाण्याची रिकामी बाटली झुडपात टाकू शकतो. दान देणाऱ्यास असे वागण्याचा परवाना मिळतो, अशी समजूत मनात नकळत शिरते, आणि हीच दानाची विकृती होय. आपल्या शास्त्रांत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण यांच्या जोडीस मनुष्यऋणही सांगितले आहे. वाट ही पूर्वी चाललेल्या माणसांनी नंतर येणाऱ्यांसाठी ठेवलेली ठेव आहे. ती वापरणारा त्या दोघांचाही ऋणी असतो.

वाट दुर्लक्षिली की काय होते

हा विचार केवळ सूक्ष्म तत्त्वचर्चेचा नाही. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेव येथे सुमारे ४,६५० फूट उंचीवर काळूबाईचे स्थान आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या यात्रेत, तेथे चेंगराचेंगरी झाली आणि पाठोपाठ वाटेवरील दुकानांना आग लागली. सुमारे ३०० भाविकांनी प्राण गमावले. राज्य शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. दोन्ही बाजूंच्या दुकानांनी अरुंद झालेली वाट, चढ-उताराच्या पायऱ्या आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्याने आलेला निसरडेपणा, या गोष्टी त्या दुर्घटनेसंदर्भात सर्वांसमोर आल्या.

या घटनेतील एक बाब अंतर्मुख करणारी आहे. नारळ फोडणारा प्रत्येक जण भक्तीनेच नारळ फोडत होता. एका नारळाच्या पाण्याने पायरी निसरडी होत नाही. हजारो नारळांच्या पाण्याने होते. दुकान मांडणारा पोटासाठी दुकान मांडत होता. एका दुकानाने वाट अरुंद होत नाही. ओळीने मांडलेल्या दुकानांनी होते. दोष कोणा एकाच्या पदरी घालून मोकळे होता येत नाही, आणि म्हणूनच तो कोणीच आपल्या पदरी घेत नाही. डोंगरातली वाट झिजण्याचा आणि यात्रेतील वाट घातक होण्याचा न्याय एकच आहे. आपले कृत्य लहान आहे म्हणून निर्दोष आहे, असे समजणे ही यात्रेकरूची सर्वांत मोठी चूक होय. आपल्या मागून येणाऱ्या माणसाचा पाय आपण सांडलेल्या पाण्यावर पडणार आहे, एवढे भान ज्यास राहिले, त्याची अर्धी यात्रा तेथेच सफल झाली.

वेठ, मजुरी आणि श्रमदान

कळसूबाईविषयी एक स्थानिक आख्यायिका सांगितली जाते. कळसू नावाची मुलगी एका घरी कामास राहिली. भांडी घासणे आणि झाडलोट ही कामे करणार नाही, अशी तिची अट होती. एके दिवशी ती कामे तिच्यावर लादली गेली. तिने ती केली, पण नंतर घर सोडून ती डोंगरावर गेली आणि तेथेच राहिली. तीच पुढे देवी म्हणून पूजली जाऊ लागली. लोकांनी ही कथा जपली, यामागे काही अर्थ असला पाहिजे. लादलेल्या कामापासून निघून गेलेल्या मुलीच्या पायाशी आज शेकडो माणसे आपण होऊन झाडलोट करतात. काम तेच, परंतु लादले तर ती वेठ आणि स्वीकारले तर ती सेवा.

जुन्या काळातील अनेक वाटा आणि तटबंद्या उभारताना वेठीने माणसे धरली गेली, हे विसरता येत नाही. मराठवाड्यास आणखी एक आठवण आहे. १९७२ च्या दुष्काळात येथील शेतकरी व शेतमजूर, स्त्रिया आणि पुरुष, कामांवर खडी फोडत होते. पोटाची आग विझविण्यासाठी केलेल्या त्या श्रमांतून कितीतरी रस्ते आणि पाझर तलाव उभे राहिले. त्याच अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकारास आली. उन्हात खडी फोडणाऱ्या त्या माऊलीचे श्रम आणि रविवारी गडावर दगड वाहणाऱ्या तरुणाचे श्रम यांत श्रेष्ठ कोणते? पुण्याचा तराजू हाती घेणाऱ्याने येथे सावध राहावे. ज्यास संध्याकाळच्या भाकरीची चिंता नाही, त्यालाच विनामोबदला श्रम करण्याची मोकळीक असते. म्हणून श्रमदान करणाऱ्याने मजुरी करणाऱ्यापेक्षा स्वतःस मोठे मानू नये. उलट, डोंगराच्या पायथ्याच्या गावातील जाणत्या गवंड्यास, दगड ओळखणाऱ्या वृद्धास योग्य दाम देऊन कामावर घ्यावे आणि त्याच्या हाताखाली आपण काम करावे. फुकटच्या श्रमाने स्थानिकाची मजुरी बुडत असेल, तर ते श्रमदान नव्हे.

मग श्रमदानाचे खास मोल कशात आहे? ते करणाऱ्यात होणाऱ्या बदलात आहे. ज्याने एक दगड पहारीने हलवून, घाम गाळून पायरीस बसविला, तो माणूस पुढे आयुष्यात वळण टाळून गवतावरून उतरत नाही. हजार फलकांनी जे साधत नाही, ते एका दगडाने साधते.

जगात अन्यत्रही हा अनुभव आहे. जपानमधील कुमानो येथील यात्रामार्ग २००४ साली जागतिक वारशात समाविष्ट झाले. तेथे ‘मिचिबुशिन’ म्हणजे सामुदायिक मार्गदुरुस्तीची प्रथा आहे. बाहेरून येणारी माणसेही मातीची ओझी वाहून पावसाने धुतलेल्या वाटेवर ती पसरतात आणि धोपटून घट्ट करतात. अमेरिकेच्या पूर्व भागात जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटर जाणारी अॅपलाचियन डोंगरवाट आहे. बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती पूर्ण झाली. तिची देखभाल मुख्यतः स्वयंसेवकांची मंडळे करतात, आणि प्रत्येक मंडळाकडे वाटेचा ठरावीक भाग असतो. सर्वांची म्हणून कोणाचीच नसलेली वाट अशा रीतीने कोणाची तरी होते.

कष्ट किती, सोय किती?

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. वाट दुरुस्त करीत बसण्यापेक्षा पक्का रस्ता अथवा रज्जुमार्ग का करू नये? रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून रुळांवरून चढणारी ट्रॉली आहे. ज्यांना पायऱ्या चढणे अशक्य होते, अशा कित्येक वृद्धांनी आणि अपंगांनी त्यांच्यामुळे दर्शन घेतले. त्यांच्या डोळ्यांतील समाधान पाहिल्यावर, ‘कष्टावाचून यात्रा नाही’ असे तरुण आणि धडधाकट माणसाने म्हणणे हा अहंकारच ठरेल.

तथापि सोयीसही प्रमाण हवे. आश्विन पौर्णिमेस सोलापूर आणि कर्नाटकातून लक्षावधी भाविक तुळजापुरास पायी जातात. त्यांच्यासाठी वाहने नाहीत असे नव्हे. वाटेत गावोगावची मंडळी पाणी देतात, फराळ देतात, कित्येक ठिकाणी थकलेल्यांचे पाय चेपून देतात. चालणे हेच त्यांचे तप असते, आणि त्या तपामुळेच वाटेवरच्या अनोळखी माणसांना सेवेची संधी मिळते. चालण्याची वाटच उरली नाही, तर देणारा आणि घेणारा या दोघांचेही पुण्य हरवेल. तेव्हा अशक्तांसाठी सोय आणि सशक्तांसाठी सुस्थितीतील पायवाट, ही दोन्ही कर्तव्ये परस्परांची शत्रू नाहीत. रज्जुमार्ग झाला म्हणून पायवाट ओसाड सोडणे मात्र अन्यायाचे आहे. कारण तिकिटाचे पैसे नसलेला भाविक तिनेच येत असतो.

निसर्गाचीही या बाबतीत काही आज्ञा असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटर उंचीवरील केदारनाथास मराठवाड्यातूनही असंख्य भाविक जातात. १६ व १७ जून २०१३ रोजी आलेल्या प्रलयात गौरीकुंड ते केदारनाथ ही वाट उद्ध्वस्त झाली आणि वाटेवरील रामबाडा हा मुक्काम नाहीसा झाला. त्यानंतर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या पथकाने कर्नल अजय कोठियाल यांच्या नेतृत्वाखाली, मजुरांच्या साहाय्याने, थंडी आणि बर्फात काम करून वाट पुन्हा उभी केली. २०१४ साली यात्रा सुरू झाली. रामबाड्याच्या पुढे ही वाट जुन्या जागी नव्हे, तर मंदाकिनीच्या पलीकडच्या तीरावरून काढली गेली. दुरुस्ती म्हणजे नेहमी जुनेच परत आणणे नव्हे. डोंगराने एखादी जागा नाकारली, तर ती नम्रपणे सोडून देणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

नावाची शिळा

शेवटचा प्रश्न दात्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. पायरीवर, कमानीवर, बाकावर दात्याचे नाव असावे की नसावे? सप्तशृंगीच्या पायऱ्यांच्या इतिहासात उमाबाई दाभाडे यांचे नाव आदराने घेतले जाते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी काशीपासून अनेक तीर्थांवर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, हे सर्वश्रुत आहे. ही नावे टिकली हे चांगलेच झाले. त्यांपासून पुढील पिढ्यांस प्रेरणा मिळाली. नाव लिहिणे हे पाप नव्हे. परंतु नाव कशासाठी लिहिले जाते, हे पाहिले पाहिजे. ‘हे काम नीट राहील याची जबाबदारी या घराण्याने घेतली आहे’ असे सांगण्यासाठी नाव असेल, तर ते वचन आहे. ‘हे मी केले’ एवढेच सांगण्यासाठी असेल, तर दगडावरचे अक्षर आणि दगडावरचे शेवाळ यांत काळ फारसा भेद करीत नाही.

व्यवहारातील अडचण निराळीच आहे. नवा सभामंडप, नवी कमान, नवे प्रवेशद्वार यांसाठी दाते पुढे येतात. फुटलेली गटारवाहिनी, हललेली पायरी, वाहून गेलेला मुरूम यांसाठी येणारे दाते थोडे, कारण तेथे नाव कोरण्यास जागाच नसते. वस्तुतः आपल्या परंपरेने विहिरी, तळी, उद्याने, देवालये आणि अन्नदान यांस ‘पूर्त’ कर्म म्हणून यज्ञाच्या जोडीस बसविले आहे, आणि नव्या बांधकामापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक मानले आहे. याचे कारण उघड आहे. नवे बांधणाऱ्यास निर्मितीचा आनंद मिळतो. जुने सांभाळणाऱ्यास तो आनंदही सोडून द्यावा लागतो.

संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन हे शिकविले. गावात शिरताच ते आधी रस्ता झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, परंतु लोकांच्या मनात त्यांची मूर्ती उभी राहते ती खराट्यासह. झाडलेला रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण होतो. त्यावर नाव कोरता येत नाही. तरीही तो झाडावाच लागतो.

याच परिसराने निनावी सेवेचे मोल अत्यंत दुःखाच्या प्रसंगी जाणले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त केली. हजारो माणसे दगडामातीखाली गेली. तेव्हा महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. त्यांनी ढिगारे उपसले, जखमींना उचलले, अनोळखी मृतांवर अंत्यसंस्कार केले आणि ती निघून गेली. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. त्यामुळे त्यांची सेवा उणी झाली, असे या भागातील एकही माणूस म्हणणार नाही.

मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? वाट दुरुस्त करणे ही सेवा, पूजा की ऋणफेड? ऋणफेड तर ती निश्चितच आहे. जो चालला त्याचे ते कर्तव्य आहे, त्यात उपकाराची भावना नको. परंतु स्वतःच्या पावलाचा हिशेब मांडून कोणी थांबत नाही. दगड बसविणारा माणूस आपल्या पायाने झिजलेल्या जागेपुरताच दगड बसवीत नाही. आधीच्यांचे देणे तो फेडतो आणि जे अद्याप जन्मलेही नाहीत त्यांच्यासाठी काही ठेवून जातो. जितके देणे होते त्याहून अधिक दिले गेले, तेथे सेवा सुरू होते. आणि तो अधिकचा भाग कोणाच्या दृष्टीस पडावा ही इच्छाही गळून पडली, तेथे पूजा सुरू होते.

प्रत्येक भाविकास डोंगरावर पहार घेऊन जाणे शक्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. मळलेल्या वाटेनेच चालावे, वळण टाळू नये. सोबत नेलेली वस्तू परत आणावी. नारळ, तेल आणि गुलाल ठरविलेल्या जागीच वाहावा. पायरीवरचा सुटा गोटा बाजूस सारावा. दान देताना, ‘हे दुरुस्तीसाठी आहे’ असे एक वेळ तरी सांगून पाहावे. एवढे केले तरी वाटेचे ऋण पुष्कळ हलके होईल.

देव शिखरावर आहे, गाभाऱ्यात आहे, असे मानून माणूस चालत राहतो. त्याच्या पायाखाली दगड असतात, दगडांच्या फटीत मुरूम असतो. वर पोहोचल्यावर हात जोडावेतच. उतरताना मात्र क्षणभर थांबून पायाखालीही पाहावे. कोणीतरी, कधीतरी, नाव न सांगता तेथे वाकले होते, म्हणूनच हे दर्शन घडले.